नाक्यापलीकडचं माहेर

ताईचं तेरावं झालं आणि त्यानंतरच्या रविवारी, ती ज्या महिला मंडळात जायची तिथल्या बायकांनी तिच्यासाठी एक छोटी सभा ठेवली. माणसं मोजकी होती, बोलणं मनापासूनचं होतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "त्या अस्सल नाशिककर. जन्म इथला, लग्न इथलं, शेवटही इथलाच. गाव सोडून कधी गेल्याच नाहीत." मी मागच्या खुर्चीवर होतो. मला चार माणसांत उभं राहून बोलता येत नाही, आयुष्यात कधी आलं नाही. पण त्या वाक्याचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. दुःख आपल्या जागी बसून असतं, त्याचं काही करता येत नाही. रागाचं निदान काहीतरी करता येतं. म्हणून हे लिहायला बसलो आहे. रोज थोडं लिहितो, त्यातलं बरंच खोडतो.

माझी बहीण नाशिकची नव्हती. ती देवळाली गावची होती. लग्न होऊन ती नाशिकला गेली, आणि त्या जाण्यापायी तिला, अण्णांना आणि आईला काय सोसावं लागलं ते मी पाहिलं आहे. मुलगी गाव सोडून गेलेलीच नाही, हे आमच्या घराला त्याआधीही एका माणसाने ऐकवलं होतं, आणि तेवढ्या आधारावर तिचं माहेर जवळजवळ काढून घेतलं होतं.

बाहेरच्या माणसाला हे समजावणं अवघड आहे आणि नाशिकच्या माणसाला समजावणं त्याहून अवघड. नाशिक गोदावरीच्या काठी, आमचं गाव वालदेवीच्या काठी. आज मधे सलग घरं आणि दुकानं आहेत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, मी शाळेत असताना, मधे मळे होते, बाभळी होत्या आणि अंधार पडल्यावर सायकलवर एकट्याने यायला नको वाटेल असा रस्ता होता. रेल्वे नाशिकला गेलीच नाही. ती आमच्याकडून गेली. पण स्टेशनला नाव मिळालं नाशिकचं, पुढे 'रोड' जोडून. म्हणजे आम्ही कोण, तर नाशिकला जायचा रस्ता. गाडी आमच्याकडे थांबायची, हमाल आमचे, चहा आमचा, आणि उतरणारा माणूस टांग्यात बसता बसता विचारायचा, "गाव किती लांब आहे हो?" तो गावातच उभा असायचा.

दुसऱ्या अंगाला देवळाली कॅम्प. ती लष्कराची वस्ती, आमच्या गावाचं नाव घेऊन बसलेली. कुणाला देवळाली म्हणून सांगितलं की लगेच, "वा, हवा छान असते म्हणे. बंगले आहेत." आमच्या गावात बंगला नव्हता. आठवड्याचा बाजार होता, म्हसोबाची जत्रा होती, नदीकाठी भाजीचे वाफे होते. आमची पत्रं कॅम्पात जाऊन तिथले शिक्के घेऊन परत यायची. माझ्या मुंजीला आलेले एक लांबचे काका कॅम्पात उतरून दुपारपर्यंत आमचं घर शोधत होते, आणि सापडल्यावर आमच्यावरच रागावले. "दोन दोन देवळाल्या कशाला करून ठेवल्यात?" म्हणाले. जणू दुसरी आम्हीच केली होती.

असं दोन्ही बाजूंनी दाबलेलं गाव आपली ओळख जरा जास्तच घट्ट धरून ठेवतं. आमची नगरपालिका वेगळी होती, नाशिकची वेगळी. अण्णा आमच्या नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते. नाशिककडून येणाऱ्या रस्त्यावर, दोन्ही पालिकांच्या हद्दी जिथे भिडतात तिथे, एक पत्र्याची खोली, एक आडवा बांबू आणि चुना लावलेला एक दगड होता. मालाचा ट्रक आला की बांबू खाली, पावती फाडली की बांबू वर. अण्णा त्या बांबूकडे बघून बोलायचे तेव्हा आवाज बदलायचा. नाशिकला जायचं असलं तर ते इस्त्रीचा सदरा घालायचे आणि आईला सांगायचे, "नाशिकला जाऊन येतो." गावात कुठे जायचं असलं तर नुसतंच "येतो." आम्हा मुलांना त्यात काही विशेष वाटायचं नाही. परगावी जाताना माणूस कपडे बदलतोच.

नाशिकची माणसं आम्हाला 'रोडवाले' म्हणत. मी नाशिकच्या कॉलेजात जाऊ लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं, "तू रोडवरचा ना? मग घर कुठे आहे तुझं?" सगळे हसले. मी घरी सांगितलं नाही. अण्णांनी त्या मुलाचं घर शोधून काढलं असतं.

ताईसाठी स्थळ आलं ते नाशिकचंच. भांडी बाजारात तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, वर राहतं घर, मुलगा शिकलेला, दुकानात बसणारा. माणसं चांगली होती, हे मी आजही म्हणतो. माझा राग त्यांच्या चांगुलपणावर नाही. बोलणी झाली, आणि अण्णांनी एकच अट घातली. सीमांतपूजन शिवेवर झालं पाहिजे. त्या काळात कार्यालयाच्या दारातच पाट मांडून ते उरकायला सुरुवात झाली होती. अण्णांना ते पटत नव्हतं. वराकडची माणसं दुसऱ्या गावाहून येतात, त्यांना आपल्या शिवेवर सामोरं जाऊन पाय धुवायचे आणि मग गावात आणायचं, अशी ती रीत. कार्यालयाच्या दाराला कुणी शीव म्हणतं का, असं त्यांचं म्हणणं.

व्याही म्हणाले, "अगदी. शिवेवरच करू."

"शिवेवरच," अण्णा म्हणाले.

दोघंही खूश होऊन पेढे खायला लागले. कुठली शीव, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? शीव कुठे असते ते प्रत्येकाला ठाऊक असतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही नाक्यावर गेलो. अण्णांच्या बरोबरच्या माणसांनी आडव्या बांबूला झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या आणि खोलीच्या दाराला आंब्याचे डहाळे लावले होते. पाट, समई, पाण्याची घागर, सगळं मांडलेलं. ट्रकवाले खोळंबले होते. सिन्नरकडचा एक कांद्याचा ट्रक नाशिकहून रिकामा परतत होता, त्याचा ड्रायव्हर खाली उतरून आला.

"अण्णा, लगीन हाय का?"

"हो."

"मंग नवरदेवाची बी जकात घेता का काय?"

"तो रिकामा आत येतोय. माल बाहेर जातोय," अण्णा म्हणाले, आणि सगळे हसले. अण्णा त्या दिवशी फार आनंदात होते.

वेळ गेली. समईतलं तेल आत्याने दोनदा घातलं. नाशिककडून येणाऱ्या प्रत्येक बसकडे सगळे बघायचे आणि ती निघून जायची. अण्णांचा आनंद हळूहळू उतरला. "नाशिकची माणसं," ते पुटपुटले. आई म्हणाली, "काही अडचण आली असेल." आत्या म्हणाली, "अडचण कसली, मान हवा असेल. आपण पुढे जाऊन बोलावू म्हणून थांबले असतील." शेवटी मला सायकलवर पिटाळण्यात आलं.

ते मला द्वारकेच्या चौकात सापडले. चहाच्या दुकानासमोर बाकं मांडून सगळं वऱ्हाड बसलं होतं. बँडवाले जमिनीवर, बायका एका टेम्पोच्या सावलीला, आणि मधे नवरदेव नव्या कोटात, मुंडावळ्या हातात गुंडाळून. व्याह्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा आणखी कडक झाला.

"आम्ही केव्हाचे शिवेवर येऊन उभे आहोत. मुलीकडचे कुठे आहेत?"

"काका, शीव पुढे आहे. नाक्यावर. सगळे तिथे थांबलेत."

"नाका पालिकेचा असतो बाळ. शीव गावाची असते. द्वारकेच्या पुढे नाशिक आहे असं माझ्या आजोबांनीसुद्धा कधी म्हटलं नाही."

"मग पुढे काय आहे?"

"पुढे शेतं आहेत," ते म्हणाले. "आणि मग तुम्ही."

ऐकून मला राग आला, पण त्यात तथ्य होतं. जुन्या नाशिकच्या माणसाचं गाव तिथे संपत होतं. त्यांनी शब्द मोडला नव्हता, ते खरोखर आपल्या शिवेवर उभे होते. आम्ही आमच्या शिवेवर उभे होतो. मधला तो सगळा रस्ता दोघांनीही दुसऱ्याचा धरला होता. पण शीव ही मुलीकडची, सामोरं जायचं ते आमच्या हद्दीवर, एवढं साधं त्यांना कळू नये? मी तसं म्हणालो. चाचरत, पण म्हणालो.

"आणि आम्ही तुमच्या नाक्यापर्यंत आलो म्हणजे निम्मं अंतर आम्हीच आलो, तुम्ही घरात बसून राहिलात," त्यांच्याकडचे एक काका म्हणाले.

"अहो, लग्न आमच्याकडे आहे. यायचंच आहे ना तुम्हाला?"

यावर नवरदेव हसला. मग तो उठला, मुंडावळ्या कोटाच्या खिशात घातल्या आणि माझ्या सायकलचं कॅरिअर हाताने पुसलं. "बाबा, मला भूक लागली आहे. मी यांच्याबरोबर पुढे होतो, तुम्ही सावकाश या."

"अरे, कोट."

"धरतो वर."

असे आम्ही निघालो. कॅरिअरवर नवरदेव एका अंगाने बसलेला, कोटाची टोकं हातात धरून. चढावर तो उतरून बरोबर चालला. नाका दिसायला लागल्यावर म्हणाला, "थांब जरा," आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून मुंडावळ्या बांधल्या. दाजींवर माझा जीव जडला तो त्या वेळी.

अण्णांनी त्याचे पाय धुतले. डोळे पुसत धुतले. वऱ्हाडाचा टेम्पो मागून आला तोपर्यंत पूजा झाली होती. व्याही सगळ्यांत शेवटी उतरले, माळा घातलेल्या बांबूकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "झालं ना तुमच्या नाक्याचं समाधान?" हसून म्हणाले म्हणूनच ते आम्हाला लागलं.

लग्न नीट झालं. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत महानगरपालिका झाली.

ती होणार होणार असं दोन वर्षं ऐकत होतो. नाशिक, आम्ही, सातपूर आणि कितीतरी खेडी, सगळी एकाच नावाखाली. आमच्या गावाला कुणी विचारलं? एका सकाळी आम्ही देवळाली गावचे उठलो आणि नाशिकचे म्हणून झोपलो. लोक म्हणाले, आता रस्ते होतील, पाणी येईल. पाणी आमच्याकडे आधीही येत होतं. दोन्ही पालिकांमधला नाका उठला. बांबू काढला, खोलीचे पत्रे गेले, दगड कुणी तरी घराच्या पायाला नेला. अण्णांची बदली झाली दिंडोरी रोडवरच्या नाक्यावर, शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. ज्या नाशिकपासून ते आयुष्यभर गावाची हद्द राखत आले होते, त्याच नाशिकची हद्द आता त्यांना राखायची होती. द्राक्षाच्या पेट्या भरलेले ट्रॅक्टर आणि टेम्पो मोजत ते दिवसभर उभे राहायचे.

त्यांची बस रोज नाशिकच्या शालिमार चौकात थांबायची. तिथून भांडी बाजार हाकेच्या अंतरावर. ताई तिथे होती. अण्णा एकदाही गेले नाहीत. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी आईबापांनी पाणीही घ्यायचं नाही अशी आमची रीत, आणि बोलावल्याशिवाय जायचं नाही अशी अण्णांची. ते बस बदलायला खाली उतरायचे, दुसऱ्या बसच्या थांब्यावर उभे राहायचे, आणि भांडी ठोकल्याचा आवाज कानावर आला तरी मान वळवायचे नाहीत. हे त्यांनी सांगितलं नाही, एकदा मी बरोबर होतो म्हणून मला कळलं.

खरा प्रश्न दिवाळीला सुरू झाला. पहिली दिवाळी माहेरी, म्हणून मी मुराळी होऊन ताईला आणायला गेलो. मुराळी म्हणजे बहिणीला सासरहून आणायला जाणारा भाऊ, हे आता सांगावं लागतं. नवा सदरा, हातात फराळाची पिशवी, बराच थाट होता माझा. व्याह्यांनी प्रेमाने बसवलं, चिवडा दिला.

"मुराळी कशाला आता?" ते म्हणाले. "एकाच गावात मुराळी ऐकलाय का कुणी? भाऊबीजेला सकाळी येईल ती, संध्याकाळी परत येईल. शहर बस आहे ना."

"पण काका, माहेरची दिवाळी..."

"अरे, ती माहेरच्याच गावात आहे की. गाव सोडून गेलीच कुठे?"

मी परत आलो. ताई भाऊबीजेला आली, ओवाळलं, आणि बसची वेळ झाली म्हणून निघाली. तिच्या मैत्रिणी येवल्याला, संगमनेरला, एक तर पार सुरतेला दिलेली. त्या सगळ्या आठ आठ दिवस माहेरी होत्या, दुपारी दारात बसून गप्पा मारत होत्या. आमची, सगळ्यांत जवळ दिलेली, एका दुपारची पाहुणी होऊन गेली. त्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की जवळ असणं हेही मुलीच्या विरुद्ध वापरता येतं.

मग ताईला दिवस गेले. आता मात्र प्रश्नच नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे कुणी नाकारत नाही. सातव्या महिन्यात सासरी डोहाळजेवण झालं, आई आणि मी गेलो. आईने पदराआडून विहीणबाईंना विचारलं, "मग कधी पाठवता?" विहीणबाईंनी व्याह्यांकडे बघितलं.

"पाठवायचं कुठे, विहीणबाई?" व्याही म्हणाले. "इथे दवाखाना चार पावलांवर. डॉक्टरीणबाई ओळखीच्या. तिकडे नेऊन परत इकडेच आणायचं, कारण चांगले दवाखाने गावात. आणि आता तर महापालिका एक, नळाचं पाणीसुद्धा तेच. तुम्हाला भेटावंसं वाटलं की रोज या. घर तुमचंच आहे."

सगळं गोड, सगळं समजूतदार. मला आजही वाटतं, ते नुसतं नाही म्हणाले असते तर कमी राग आला असता. दाजी मान खाली घालून बसले होते. त्या घरात वडिलांपुढे बोलायची पद्धत नव्हती, सायकलवर बसता येत होतं तेवढंच. ताई जिन्यापर्यंत सोडायला आली. "कधी नेतोस?" एवढंच तिने मला विचारलं. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला वर जायला सांगितलं.

अण्णांना कळलं तेव्हा ते संतापाने उभे राहिले. "नळ एक झाला म्हणून बाप एक झाला का? माझी मुलगी त्याच्या गावातली कधीपासून झाली? मी तिला शीव ओलांडून दिली आहे."

"शीव उठली ना आता," आई म्हणाली.

"नाका उठला. शीव उठत नसते."

"मग जा आणि सांगा त्यांना."

अण्णा गेले नाहीत. बोलावल्याशिवाय कसे जातील? तिसऱ्या दिवशी सकाळी आई डबे भरताना दिसली. एका डब्यात डिंकाचे लाडू, एका बाटलीत खोबरेल, आणि वेगळ्या पिशवीत आपला पितळी तांब्या, पाणी भरून, वर फडकं बांधलेला.

"कुठे निघालीस?"

"नाशिकला. व्याहीबुवा रोज या म्हणालेत."

"रोज?"

"रोज."

"म्हणजे तू त्याचंच खरं करणार. तू रोज जाऊन आलीस की झालंच ना एक गाव."

"तुमची शीव तुमच्यापाशी राहू द्या," आई म्हणाली. "मला मुलगी आणायची आहे."

आणि ती खरोखर रोज जाऊ लागली. सकाळची बस, शालिमारला उतरायचं, भांडी बाजारापर्यंत चालायचं. ताईचे पाय चोळायचे, डोक्याला तेल लावायचं, तिच्याशी बोलत बसायचं. दुपारी जेवायची वेळ झाली की सगळे आग्रह करायचे. आई म्हणायची, "नातवंडाचं तोंड बघितलं की पंगतीला बसेन. तोवर रीत मोडायची नाही." मग ती जिना उतरून खाली यायची, दुकानाच्या पायरीवर बसायची, आपल्या भाकरीचं फडकं सोडायची आणि आपल्या तांब्यातलं पाणी प्यायची. एवढी सगळी भांडी चमकत असलेल्या दुकानाच्या पायरीवर एक बाई घरून आणलेल्या तांब्यातून पाणी पिते आहे. आईने हे मुद्दाम केलं का, हे मला कधीच ठरवता आलं नाही. रीत खरीच होती. पण आईला रीत नेमकी कुठल्या पायरीवर बसून पाळायची हे ठाऊक होतं, असं मला वाटतं.

कॉलेज सुटल्यावर मी तिला घ्यायला जायचो, म्हणून मी हे पाहिलं. समोर मण्यांचं दुकान होतं. तिथल्या आजी पहिल्या आठवड्यात नुसत्या बघत होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी रस्त्यापलीकडून विचारलं, "कुठल्या हो तुम्ही?"

"देवळाली गावची. मुलगी दिली आहे इथे."

"मग जेवत का नाही वर?"

"पहिलटकरीण आहे. मुलीच्या घरचं पाणी अजून चालत नाही."

"बाई गं. आणि बाळंतपणाला नेली नाही अजून?"

"व्याही म्हणतात, एकच गाव आहे."

आजींनी व्याह्यांच्या दुकानाकडे असं काही बघितलं की गिऱ्हाइकानेही मागे वळून पाहिलं. "एक गाव?" त्या म्हणाल्या. "मी इथली सून होऊन जन्म गेला. पंचवटीत माहेर माझं, नुसता पूल ओलांडायचा. तरी माझा बाप मला घ्यायला यायचा."

व्याही गल्ल्यावर होते. ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं. पण दुसऱ्या दिवसापासून पायरीवर पाणी प्यायची वेळ झाली की ते मागच्या खोलीत जायचे. विहीणबाई तर वरून हाका मारायच्या, "अहो, निदान सरबत तरी," आणि आई खालून हात जोडायची. आठ-दहा दिवस असं चाललं. बाजारातल्या बायका येता जाता पायरीशी थांबून चौकशी करायला लागल्या. एकीने तर विचारलं म्हणे, की या घरात पाणी देत नाहीत का कुणी.

आई संध्याकाळी घरी आली की अण्णा विचारायचे, "कशी आहे?" आणि मग, "काय म्हणाले?" आई म्हणायची, "कोण?" अण्णा वर्तमानपत्र उघडायचे.

मग एका शनिवारी मी आईला घ्यायला गेलो तेव्हा आई पायरीवर नव्हती. वर गेलो. ताईची पिशवी दारात बांधून ठेवलेली होती. विहीणबाई तिची ओटी भरत होत्या. व्याही खिडकीपाशी उभे होते, कुणाकडेही न बघता. "तुमच्या आईंनी फार हट्ट धरला," ते मला म्हणाले. "घेऊन जा. नववा लागायच्या आत गेलेलं बरं."

दाजींनी रिक्षा आणली. ताईला आधार देऊन आम्ही खाली आणलं. समोरच्या आजी दुकानातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. ताई बसली, आई बसली, मी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर. तेवढ्यात व्याही दुकानाच्या पायऱ्या उतरून आले, वाकले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "खड्डे बघून ने. घाई करू नकोस. लांब जायचं आहे तिला."

मी घरी येऊन हे अण्णांना सांगितलं. ताई आत अंथरुणावर पडली होती, आई चुलीपाशी.

"काय म्हणाला?" अण्णांनी विचारलं.

"लांब जायचं आहे तिला."

"तिला म्हणाला?"

"रिक्षावाल्याला. पण तिच्यासाठी."

"नेमकं काय म्हणाला? सगळं सांग."

मी सगळं सांगितलं, खड्ड्यांसकट. मग ते आत गेले आणि ताईला विचारलं, तिनेही तेच सांगितलं. रात्री जेवताना त्यांनी आईलाही विचारलं. आई म्हणाली, "मी ऐकलं नाही, मला तिची पिशवी धरायची होती."

भाचा आमच्याकडे झाला. स्टेशनजवळच्या दवाखान्यात झाला, आणि ताई सव्वा महिना घरी राहिली. बाळाला घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी व्याही बघायला आले. बसने आले होते, हातात पेढे. अण्णा दारात गेले. वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावरून आलेल्या माणसाला कुणी पाय धुवायला पाणी देत नाही. अण्णांनी आईला हाक मारली आणि घागर मागवली.

"या," ते म्हणाले. "लांबून आलात. प्रवास कसा झाला?"

व्याह्यांनी घागरीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. मग चपला काढल्या आणि पाय पुढे केले.

"बरा झाला," ते म्हणाले. "गर्दी होती."

आतल्या खोलीतून ताई हसल्याचा आवाज आला. बाळ दचकेल म्हणून आईने तिला दटावलं, पण ती हसायची थांबली नाही.